परसातली शेकोटी : पेटवण्याचे नियम आणि विझवण्याची रीत

अमेरिकेत घर घेतलं की पहिल्या थंडीत परसात शेकोटी पेटवावीशी वाटतेच. आम्हीही पेटवली. सकाळी राख वरून गार दिसली, म्हणून कागदी पिशवीत भरून गॅरेजमध्ये ठेवली. तासाभरात पिशवीतून धूर निघू लागला. वेळीच दिसला म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही नियम वाचायला बसलो.

पहिली गोष्ट, देशभर एकच नियम नाही. ‘इंटरनॅशनल फायर कोड’ ही नमुना संहिता आहे. राज्यं आणि शहरं त्यात आपापले बदल करून ती लागू करतात. त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या गावच्या अग्निशमन खात्याचा. ९११ सोडून त्यांचा जो साधा नंबर असतो, त्यावर विचारा. शहराची परवानगी असली तरी घरमालकांच्या असोसिएशनची बंदी असू शकते, तेही बघा.

मूळ संहिता काय म्हणते? करमणुकीच्या शेकोटीचा ढीग ३ फूट व्यास आणि २ फूट उंची यांच्या आत हवा. घर, लाकडी कुंपण, सुका पाला यांपासून अंतर २५ फूट. विकतच्या, हलवता येणाऱ्या फायर पिटला १५ फूट. एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना या १५ फुटांतून सूट आहे. पण ठिणगीला ती सूट कळत नाही, तेव्हा अंतर ठेवाच. पाण्याचा पाइप, वाळू किंवा अग्निशामक हाताशी हवा. आणि आग पूर्ण विझेपर्यंत कुणीतरी जागेवर हवं. ‘आत जाऊन चहा टाकून येतो’ हे चालत नाही.

तारीखही बघावी लागते. हवामान खात्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा म्हणजे कोरडी हवा आणि जोराचा वारा. त्या दिवशी पेटवूच नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात ‘स्पेअर द एअर’ इशारा असेल त्या दिवशी लाकूड जाळायला बंदी असते. २०१९ पासून ती वर्षभर लागू आहे, अंगणातही.

जाळायचं ते सुकं लाकूडच. रंगवलेल्या किंवा रसायन लावलेल्या फळ्यांचा धूर विषारी असतो. पेट्रोल ओतायचं नाही. आधी वाफ पेट घेते आणि ओतणाराच भाजतो. नदीतले गोटे भोवती लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

आता आमची चूक. राख हा निखाऱ्याचा पांघरूण असतो. खाली धग तासन्‌तास, कधी काही दिवससुद्धा टिकते. म्हणून पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर विझलेली नाही. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि डबा घरापासून लांब, उघड्यावर ठेवा. सकाळी मुलं त्याच जागी खेळायला धावतात, एवढं लक्षात ठेवलं तरी रात्रीची ती शेवटची बादली ओतायचा कंटाळा येणार नाही.