विश्लेषण : लायसन्स आहे, मग बंदुकीचा सुटा भाग बदलता येतो का?

काजूची बोंडं पिकू लागली की मालवण, वेंगुर्ले, दोडामार्गच्या बागांत राखण सुरू होते. माकडं नारळाची कोवळी फळं पाडतात, रानडुकरं रात्री भुईमूग उकरतात. सिंधुदुर्गात अनेक घरांत यासाठी ‘शेती संरक्षणा’ची बंदूक आहे. बऱ्याचदा ती आजोबांच्या काळातली असते. घोड्याची स्प्रिंग ढिली पडलेली, दस्ता तारेने आवळलेला. अशा वेळी गावातला फॅब्रिकेशनवाला ‘आण इकडे, बघतो’ म्हणतो. दुसरीकडे मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडीओ दिसतात. त्यात माणूस टेबलावर बसून रिव्हॉल्व्हरचा जुना सिलिंडर काढतो आणि घरपोच आलेला नवा बसवतो. आपल्याकडे हे का चालत नाही?

सिलिंडर म्हणजे नेमके काय?

गॅसचा नव्हे. रिव्हॉल्व्हरच्या मधोमध असलेला, गोळ्यांसाठी पाच-सहा घरे असलेला फिरता भाग म्हणजे सिलिंडर. ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हरमध्ये दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तो ओढताना सिलिंडर एक घर पुढे सरकतो. चाप दाबल्यावर घोडा फक्त सुटतो. १८७३ची कोल्ट ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ‘डबल ॲक्शन’मध्ये चाप ओढतानाच घोडा उठतो आणि सुटतो.

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर एका आसावर बसतो आणि तो आस काढला की बाजूला निघतो. रुगर कंपनीच्या ‘ब्लॅकहॉक कन्व्हर्टिबल’सोबत तर दोन सिलिंडर मिळतात, एक .३५७ मॅग्नमचा आणि दुसरा ९ मिमीचा. एकाच शस्त्रातून दोन जातींच्या गोळ्या. मात्र हे दोन्ही सिलिंडर त्याच शस्त्राला जुळवून दिलेले असतात. व्हिडीओत हा मुद्दा सहसा सुटतो.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट साधारण मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतकी असते. ती वाढली तर तापलेला वायू बाजूने उसळतो. ती फारच कमी झाली तर चार गोळ्यांनंतर काजळीने सिलिंडर अडकतो. घर नळीच्या अगदी समोर येऊन थांबले नाही, तर गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे तुकडे शेजारच्याच्या अंगावर उडू शकतात. एकाच मॉडेलचा सिलिंडर दुसऱ्या नगाला जसाच्या तसा बसेल याची खात्री नसते. कारागीर तो घासून, तपासून बसवतो.

परदेशात सोपे, इथे का नाही?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे तिचा सांगाडा. सिलिंडर हा नुसता सुटा भाग, त्यामुळे तो टपालानेही येतो. भारताचा शस्त्र कायदा, १९५९ वेगळा विचार करतो. त्याच्या कलम २मधील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रे येतात. कलम ५ तर बनवणे, विकणे, रूपांतर करणे आणि दुरुस्त करणे या सगळ्यांसाठी स्वतंत्र परवाना मागते. म्हणजे बंदूक बाळगण्याचे लायसन्स असले तरी ती दुरुस्त करण्याचे लायसन्स त्यात येत नाही.

दोन सिलिंडरांची युक्ती इथे आणखी अंगाशी येईल. सर्व्हिस ९ मिमी किंवा .४५ची गोळी झाडू शकणारे रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित गटात मोडते. भारतात सामान्य परवानाधारकाकडे सहसा .३२चे रिव्हॉल्व्हर असते. त्यात फेरफार करून प्रतिबंधित गोळी चालू लागली, तर ते शस्त्रच वेगळ्या वर्गात जाते. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षे आहे. विनापरवाना शस्त्र बनवणे किंवा दुरुस्त करणे यासाठी किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. ‘बघतो’ म्हणणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला ही तरतूद बहुधा ठाऊक नसते.

ठासणीच्या बंदुकीचे काय?

कोकणातला खरा प्रश्न रिव्हॉल्व्हरचा नाहीच. कायद्याचे कलम १३ पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करते. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. रिव्हॉल्व्हर या सवलतीत बसत नाही. त्यासाठी वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते.

गंमत म्हणजे ठासणीची बंदूकही कामाच्या दृष्टीने सिंगल ॲक्शनच. नळीतून दारू, मग छर्रे, ते गजाने ठासायचे, निपलवर टोपी बसवायची, घोडा अंगठ्याने ओढायचा. सिलिंडर नसला तरी झिजणारे भाग तसेच जोखमीचे. निपलचे आटे सैल झाले की वायू मागे, थेट तोंडावर येतो. आटे बसत नाहीत म्हणून वेल्डिंग करणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्या उष्णतेने नळीचे पोलाद तिथेच कमकुवत होऊ शकते आणि बार नेमका तिथेच दाब देतो.

किनाऱ्यावर खारी हवा यात भर घालते. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते. बार काढल्यावर नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावली नाही, तर आतून गंज धरतो. हा गंज बाहेरून दिसत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यारे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा बंदूक आठवडेच्या आठवडे ठाण्यात पडून राहते. २०२४मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गचे लोकसभा मतदान ७ मे रोजी होते, म्हणजे ऐन आंबा-काजूच्या हंगामात. जमा करण्याआधी आणि परत आणल्यावर, दोन्ही वेळा नळी साफ करणे म्हणूनच महत्त्वाचे.

दुरुस्तीला न्यायची कशी?

दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच. त्यासाठी अनेकदा जिल्ह्याबाहेर जावे लागते. लायसन्सवर ते कोणत्या क्षेत्रापुरते वैध आहे हे लिहिलेले असते. घाट चढण्याआधी किंवा गोव्याची हद्द ओलांडण्याआधी ती ओळ वाचावी आणि क्षेत्र अपुरे असेल तर परवानगी घ्यावी.

म्हाताऱ्या परवानाधारकाला प्रवास झेपत नसेल, तर कलम ३मध्ये एक उपयोगी सोय आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकते. ‘काकांनी सांगितलंय’ हे तोंडी उत्तर नाक्यावर पुरत नाही. सहीचे पत्र आणि मूळ लायसन्स सोबत ठेवावे, दुकानाची पावती जपून ठेवावी. भाग बदलला तर पावतीवर त्याचे नाव आणि बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यावा.

परवानाधारक वारलेला असेल तर ही सोय संपते. बंदूक आधी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाचा अर्ज त्यानंतर. नळीला आतून खड्डे पडले आहेत असे कारागिराने सांगितले, तर सुट्या भागांवर खर्च करण्यात अर्थ नाही. दुसरी बंदूक घ्यायची, तर जुनीची विल्हेवाट आणि नवीची नोंद यासाठी ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पुन्हा अर्ज करावा लागतो. तो हंगाम सुरू होण्याआधी केलेला बरा.