नाण्याचा दर्जा कोण ठरवतो?

आमच्या घरी १८६२ सालचा राणीछाप रुपया आहे. आई दर दिवाळीला तो रांगोळीने लख्ख घासून लक्ष्मीपूजनात ठेवायची. तो ग्रेडिंगला अमेरिकेत पाठवावा असं मनात आलं, आणि चौकशी करताना आम्ही दोन गोष्टी शिकलो.

एक, ग्रेडिंग १ ते ७० या शेल्डन मापावर होतं. झीज, ओरखडे, मूळ झळाळी पाहतात. घासलेल्या नाण्याला मात्र सहसा आकडा देत नाहीत, 'साफ केलेलं' असा शेरा देतात. तेव्हा नाणं पुसू नका, कडेनेच धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा.

दुसरं, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते आपल्याला परदेशी पाठवता येत नाही.

रुपया घरीच राहिला. पण विचार करा: ज्या घासण्याला आम्ही भक्ती म्हणतो, त्याला परीक्षक दोष म्हणणार, आणि तो चुकत नाही. धातूवर काय घडलं, एवढंच त्याला विचारलेलं असतं. दर्जा हे एका प्रश्नाचं उत्तर असतं. म्हणून नाणं पाठवण्याआधी आपला प्रश्न कोणता, तेवढं ठरवा.