समुद्राच्या मिठालाही आयोडीन का लागते?

वसई रोड–दिवा लोहमार्गावर जूचंद्र स्थानक लागते. गाव प्रसिद्ध आहे रांगोळीसाठी. पण आपल्याला पाहायची आहेत ती नायगाव-जूचंद्र परिसरातील मिठागरे. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवायचे, उन्हाने आटू द्यायचे आणि खाली बसलेले मीठ ओढायचे, अशी ही रीत. विद्यार्थिमित्रांनो, समुद्रात आयोडीन असते हे तुम्ही वाचले असेल. मग समुद्राच्या मिठात ते वरून का मिसळायचे?

थोडे गणित करू. एक लिटर समुद्रजलात साधारण 27 ग्रॅम सोडियम क्लोराइड असते, आयोडीन मात्र सुमारे 0.06 मिलिग्रॅम. ते सगळे मिठात उतरले तरी प्रमाण दशलक्ष भागांत जेमतेम 2 भाग! प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाही. मिठाचे स्फटिक बनताना आयोडिनाची संयुगे बहुतांशी मागे उरलेल्या कडवट पाण्यातच राहतात, आणि ते पाणी सोडून दिले जाते.

प्रौढ माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी 4 ग्रॅम भरत नाही. एवढेसे न मिळाल्यास गळ्यातील अवटु ग्रंथी सुजून गलगंड होतो. गर्भवतीला कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हे दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक वाईट.

मिठाचा उपाय आपल्याकडे पारखला गेला तो हिमाचलातील कांगडा खोऱ्यात. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग केले. दोघांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड स्पष्टपणे घटला. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पण सर्वांवर सक्ती करावी का? साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवर 1998 मध्ये देशभर बंदी आली, 2000 मध्ये उठली, 2006 मध्ये पुन्हा आली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने भेसळप्रतिबंधक कायद्याखालील हा नियम अधिकाराबाहेरचा ठरवला, मात्र लगेच थांबवला नाही. पुढे बंदी नव्या अन्नसुरक्षा नियमांत आली. माझ्या मते लहान मिठागरवाल्याला मिसळणीचे यंत्र परवडते का, हा प्रश्न या वादात मागेच राहिला.

आता नवा पेच पाहा. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्षांत किमान 15 भाग आयोडीन हवे. रोज 10 ग्रॅम मीठ खाल्ले की बरोबर 150 मायक्रोग्रॅम! पण रक्तदाबामुळे जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. मग उरतात 75. मीठ कमी करून आयोडीन टिकवायचे, तर मिसळण वाढवावी लागेल. आपल्या नियमांत कारखान्याची मर्यादा 20 ते 30 भाग आहे. 5 ग्रॅमसाठी संघटना 39 सुचवते, कारण साठवणीत व शिजवताना काही आयोडीन उडते.

घरी महिन्याला किती मीठ लागते ते विचारा, माणसांच्या संख्येने आणि 30 ने भागा. लोणच्या-पापडातले मीठ धरायला विसरू नका.