दहाचा पाना कुठंय?

पार्किंगमध्ये जा आणि तुमच्या बाइकला डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघा. झाकणाला दोन बारके स्क्रू असतात. त्यांच्या डोक्यावरचं अधिकचं चिन्ह अजून शाबूत आहे, की मधोमध नुसता गोल खड्डा उरलाय? खड्डा असेल तर कुणीतरी चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केलाय. पुढच्या वेळी ऑइल बदलताना तो स्क्रू ड्रिल मारून काढायची वेळ येऊ शकते.

गंमत म्हणजे तो ड्रायव्हर स्वस्तातलाच असेल असं नाही. जपानी डिझाइनच्या गाड्यांवर हे स्क्रू बऱ्याचदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे असतात. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळतो तो फिलिप्स. दिसायला दोघं जुळे भाऊ, पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच खरवडून टाकतं. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो बहुधा जेआयएस. व्हेसलसारख्या जपानी कंपनीचा एक ड्रायव्हर घेऊन ठेवा, बाकी काही नंतर.

मी मास कॉमची. माझ्या बॅगेत पान्यांपेक्षा चार्जर जास्त. पण आजूबाजूला डिप्लोमा आणि आयटीआयवाले मित्र आहेत, बाहासाठी रात्र रात्र बग्गी वेल्ड करणारी कॉलेजची टीम आहे, आणि उन्हाळ्यात लडाखला जायचं म्हणून आत्तापासून चेन साफ करणारेही आहेत. पहिला स्टायपेंड हातात आला की या सगळ्यांचा पैसा एकाच ठिकाणी जातो : ऑनलाइन सेलमधली ती सव्वाशे-दीडशे पीसची चकाचक पेटी. माझं स्पष्ट मत आहे, ती घेऊ नका.

पेटीतले पीस मोजून बघा. अर्धे बिट्स असतात, काही गोट्या इंचातल्या, काही साइज अशा की तुमच्या गाडीवर तो बोल्टच नाही. जपानी घराण्यातल्या बाइकवर बहुतेक काम ८, १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरमध्ये उरकतं. युरोपियन गाड्यांत १३ मिमीचं डोकं हमखास भेटतं, कारण त्याच ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं तिकडे १३ चं आणि जपान्यांकडे १२ चं. म्हणून आधी गाडीभोवती एक फेरी मारा, लागणाऱ्या साइज फोनमध्ये लिहा आणि मग दुकानात जा. प्लगची गोटी वेगळी लागते, तिची साइज मॅन्युअलमध्ये बघा.

आता पाने. दुतोंडी फिक्स पाना बोल्टला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळीकडून. घट्ट बोल्ट सोडवायचा तर पहिला झटका रिंगनेच द्यायचा. फिक्स पान्याचं तोंड दांड्याला १५ अंश तिरकं का असतं, कधी विचार केलाय? अडचणीच्या जागेत थोडं फिरवून पाना उलटा करून लावला की ३० अंशांची जागाही पुरते. एका बाजूला रिंग आणि एका बाजूला तोंड असलेला कॉम्बिनेशन पाना घेतलात तर सुरुवातीला दोन्ही कामं भागतात.

दुकानात जाताना खिशात १० मिमी डोक्याचा एक नवा कोरा बोल्ट ठेवा. पाना त्यावर बसवून हलवा. लदलद हलला तर परत ठेवा, कारण तो कडांवरच दाब देणार आणि बोल्टचं डोकं गोल करणार. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलंय म्हणून भुलू नका, अक्षरं कुणालाही कोरता येतात. रिंगच्या आतल्या कडा बोटाने तपासा, क्रोमचे पोपडे निघतायत का बघा. दोन तोंडांची जाडी वेगवेगळी वाटली तर फिनिशिंगमध्ये घाई झालीय. नामांकित ब्रँडची नक्कल बाजारात असते, त्यामुळे पक्कं बिल घ्या. इथे अभिमानाने सांगायची गोष्ट : टापरिया या नावाचा पत्ता नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला आहे, आणि त्यांचा कारखाना गोव्यातही आहे. बाकी देशातला हँड टूल्सचा मोठा धंदा जालंधर आणि लुधियानाकडे. चांगला पाना म्हणजे इम्पोर्टेडच, हा गैरसमज काढून टाका.

गोट्यांचं गणित वेगळं. १९२० मध्ये अमेरिकेत जोसेफ जॉन्सनने पाच हँडल आणि त्यांवर बदलता येणाऱ्या दहा गोट्या विकायला काढल्या. पाच हँडल पन्नास पान्यांचं काम करतील, ही त्याची जाहिरात. त्यातून स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली. आज आपल्याला तेवढे पैसे घालायची गरज नाही, पण कल्पना तीच : हँडल चांगलं घ्या, गोट्या एकेक करून जमवा. बाइकसाठी ३/८ इंची ड्राइव्ह पुरतो, कारच्या चाकांसाठी अर्धा इंची. गोटी सहाकोनी घ्या. बाराकोनी लावायला सोपी, पण झिजलेल्या किंवा गंजलेल्या बोल्टवर तीच आधी घसरते. रॅचेट घेताना दात विचारा. २४ दातांचा रॅचेट पुढच्या दाताला जायला १५ अंश मागतो, ७२ दातांचा फक्त ५. फ्रेम आणि इंजिनच्या मधे हात घालून काम करणाऱ्याला हा फरक बोटांवरच्या सालपटांत मोजता येतो.

टॉर्क रेंचबद्दल एक गोष्ट आवर्जून. बरेचजण अर्धा इंची मोठा रेंच घेतात, जो ४० न्यूटन-मीटरच्या आसपास सुरू होतो. कारच्या चाकाच्या नटाला साधारण १०० लागतात, तिथे तो ठीक. पण बाइकच्या इंजिन कव्हरच्या ६ मिमी बोल्टला १० च्या आसपासच लागतात! तिथे मोठा रेंच ‘टक’ करायच्या आधीच ॲल्युमिनियममधले आटे जातात. बाइकवाल्यांनी छोटा रेंच घ्यावा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा, काम झाल्यावर सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवावं. त्याने बोल्ट सोडवायचे नाहीत, ते रॅचेटचं काम.

आणि आता ज्यासाठी सगळ्यांचे डोळे चमकतात ती एअर गन. पंक्चरवाल्याकडचा तो ‘ट्रर्र’ आवाज ऐकला की आपणही घ्यावी असं वाटतं. पण खरा खर्च गनचा नाही, तिच्यामागच्या कॉम्प्रेसरचा. ही टूल्स साधारण ९० पीएसआय दाबावर चालतात आणि प्रत्येकाला मिनिटाला किती हवा लागते ते सीएफएममध्ये दिलेलं असतं. एक एचपीमागे ढोबळमानाने ३ ते ४ सीएफएम हवा मिळते. अर्धा इंची इम्पॅक्ट गन थांबून थांबून चालते म्हणून छोट्या टाकीवर कशीबशी भागते. सँडर किंवा ग्राइंडर मात्र सलग हवा खातो, तिथे छोटा कॉम्प्रेसर धापा टाकतो. विकणाऱ्याला एफएडी विचारा, म्हणजे प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा. डिस्प्लेसमेंटचा आकडा नेहमी मोठा असतो आणि तोच ठळक छापतात. एकट्याने गॅरेज सुरू करणाऱ्याने किंवा कॉलेज टीमने आधी बॅटरीवरच्या इम्पॅक्ट गनचा विचार करावा असं मला वाटतं. ट्रॅकवर, पार्किंगमध्ये, कुठेही ती नेता येते.

गन घेतलीच तर दोन गोष्टींत काटकसर नको. एक, इम्पॅक्टच्या काळ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या गोट्या. हातपान्याची चकचकीत क्रोमची गोटी गनला लावली तर ती फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गॉगल घाला. आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, म्हणून इअर प्लगही घाला (हेडफोन नव्हे). दोन, हवेतलं पाणी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठतं. ते रोज काढलं नाही, लाइनला वॉटर सेपरेटर लावला नाही आणि गनमध्ये एअर टूल ऑइलचे चार थेंब टाकले नाहीत, तर आतून गंजायला वेळ लागत नाही. आणि नट गनने कधीच शेवटपर्यंत आवळू नका. सुरुवात हाताने, शेवट टॉर्क रेंचने.

बजेट अगदीच टाइट असेल तर जुना बाजार आहेच. मुंबईत नवं घ्यायला नागदेवी स्ट्रीट, जुनं हुडकायला चोर बाजार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. जुने फोर्ज्ड पाने तिथे खरंच भारी मिळतात. फक्त तोंड पसरलेलं नाही ना, हे तुमच्या खिशातल्या बोल्टवर तपासा. पाइप घालून ताणलेल्या पान्याचा दांडा वाकलेला दिसतो, तो सोडून द्या. पान्यावर ‘डब्ल्यू’ आणि अपूर्णांक दिसला तर तो ब्रिटिश व्हिटवर्थ. त्यावरचा आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करणाऱ्याला तो सोन्यासारखा, तुमच्या स्प्लेंडरला शून्य उपयोगाचा.

टीमसाठी खरेदी करत असाल तर पहिल्याच दिवशी प्रत्येक पान्याला एकाच रंगाचा इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि काम संपल्यावर मोजून पेटीत ठेवा. आणि १० मिमीची गोटी दोन घ्या. एक हरवणारच आहे.