'आकु नो हाना' : चेहऱ्यांवरून उठलेला वाद

एप्रिल २०१३ मध्ये 'आकु नो हाना' या चित्रमालिकेचा पहिला भाग जपानी दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला आणि लगोलग प्रेक्षकवर्गात तीव्र नाराजी उसळली. नाराजी कथेविषयी नव्हती. ज्या चित्रकथेवरून ही मालिका बेतलेली होती, तिचे चाहते कथा आधीपासूनच जाणत होते आणि तिच्यावर लुब्धही होते. आक्षेप होता तो चेहऱ्यांवर. मोठे डोळे, नाममात्र नाक, निमुळती हनुवटी असे जे मुखविशेष जपानी चित्रमालिकांच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले असतात, ते येथे नव्हते. त्यांच्या जागी खऱ्याखुऱ्या शाळकरी मुलामुलींची तोंडे होती : पसरट, फिकट, किंचित ओबडधोबड. पात्र दूर गेले की त्याचे नाकडोळे पुसले जात आणि नुसता कोरा लंबगोल उरे. नायिकेला विद्रूप केले, हे पाहवत नाही, असेच करावयाचे होते तर नटनटी घेऊन सरळ चित्रपटच का काढला नाही, असा एकूण सूर जपानात निघाला, आणि जपानी चित्रमालिका आवडीने पाहणाऱ्या इतर देशांतही निघाला. अनेकांनी पहिल्या भागानंतर मालिका सोडून दिली.

रूपांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दांपुरती चालते. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, तेव्हा देवलांनी काय राखले आणि काय बदलले, हे आपण तपासतो. रेषेचे रेषेत रूपांतर होताना काय घडते, हा प्रश्न मात्र आपल्यापुढे क्वचितच येतो. म्हणून या वादाची थोडी उकल करावयाची आहे.

मूळ कृती शुझो ओशिमी यांची. 'मांगा' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथांपैकी ही एक. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या मासिकातून ती २००९ ते २०१४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे अकरा खंडांत संगृहीत झाली. नावाचा अर्थ 'अनिष्टाची फुले'. बोदलेअरच्या १८५७ मधील काव्यसंग्रहाचे जपानी नाव तेच आहे, आणि ही उसनवारी उघड आहे. या काव्यसंग्रहावर फ्रान्समध्ये खटला भरला गेला, कवीला दंड झाला, सहा कविता वगळाव्या लागल्या. त्यांवरील बंदी उठावयास १९४९ साल उजाडले. मर्ढेकरांच्या कवितेवरील खटला ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या इतिहासाचे फारसे नवल वाटू नये.

कथेचा नायक ताकाओ कासुगा हा डोंगरांनी वेढलेल्या एका लहान गावातला शाळकरी मुलगा. बोदलेअर वाचतो म्हणून तो आपणास भोवतालच्या मंडळींहून निराळा समजतो. वर्गातील नानाको साएकी ही त्याची देवता; तिला त्याने आपल्या कल्पनेत रक्तमांसापलीकडे नेऊन बसविले आहे. एके दिवशी शाळेत कोणी नसताना तो तिचे व्यायामाचे कपडे पाहतो आणि एका क्षणाच्या मोहात ते घेऊन पळतो. सावा नाकामुरा नावाची, सर्वांनी टाळलेली, फटकळ मुलगी हे पाहते. ती चुगली करीत नाही. ती त्याला एका करारात बांधते. त्याच्या सभ्यतेचे एकेक वस्त्र उतरवून आत काय आहे ते पाहावयाचे, हा तिचा ध्यास. गाव लेखकाचे स्वतःचेच आहे : गुन्मा प्रांतातील किर्यू, रेशमी विणकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध.

दिग्दर्शक हिरोशी नागाहामा यांनी यापूर्वी २००५ साली 'मुशिशी' ही मालिका केली होती. तीही चित्रकथेवरूनच बेतलेली, पण मूळ रेखाटनाशी इमान राखणारी आणि सर्वमान्य. म्हणजे रूढ मार्ग त्यांना येत नव्हता असे कोणी म्हणू शकत नाही. 'आकु नो हाना'साठी त्यांनी जाणूनबुजून रोटोस्कोपची वाट धरली, आणि मूळ लेखक ओशिमी यांची तीस संमती होती.

रोटोस्कोप ही युक्ती जुनी आहे. मॅक्स फ्लायशर यांनी अमेरिकेत १९१५ मध्ये तिच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये तो त्यांना मिळाला. आधी जिवंत माणसाचे चित्रण करावयाचे, मग त्या फिल्मचे एकेक चित्र काचेवर खालून पाडून त्यावर कागद ठेवून रेषा गिरवावयाच्या. मॅक्सचे बंधू डेव्ह विदूषकाचा पोशाख चढवून उड्या मारीत, आणि त्या उड्यांतून कोको हा रेखाटलेला विदूषक जन्मास येई. डिस्नेच्या १९३७ मधील हिमगौरीसाठीही एका तरुण नर्तिकेच्या हालचालींचे आधी चित्रण झाले होते. मात्र तेथे चित्रकारांनी हालचाल घेतली आणि चेहरा आपला घातला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

नागाहामा यांनी दोन्ही घेतले. तेरा भागांचा सारा अभिनय प्रथम माणसांकडून करवून त्याचे चित्रण केले. किर्यूच्या गल्ल्या, गंजलेले पत्रे, नदीकाठ, उतरत्या उन्हातली बंद दुकाने यांवरून पार्श्वभूमी रंगविली. मग चित्रकारांनी माणसे गिरविली. एका मालिकेसाठी जणू दोनदा श्रम झाले.

एवढे करूनही प्रेक्षक चिडला. तो का चिडला हे समजण्यास जपानी चित्रमालिकेचा घडणीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. १९६३ च्या १ जानेवारीस ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका सुरू झाली. दर आठवड्यास एक भाग द्यावयाचा आणि पैसा तुटपुंजा, म्हणून चित्रे कमी काढण्याची रीत पडली. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात; येथे एकच रेखाटन तीन चित्रांपुरते टिकवून आठांत भागविले जाई. देह स्थिर, फक्त ओठ हलतात. नाहीतर केस वाऱ्यावर भुरभुरतात. हालचालीत अशी काटकसर झाल्यावर भाव वाहण्याचे सारे ओझे चेहऱ्यावर आले. प्रेक्षकांच्या पिढ्यांनी त्या चेहऱ्यातून राग, लज्जा, कारुण्य वाचावयास शिकले. हा चेहरा निसर्गाची नक्कल नाही. ती एक लिपी आहे. वाचकासमोरची लिपी अचानक बदलली, तर मजकूर तोच असूनही तो गोंधळतो, हे शिक्षकांस सांगावयास नको.

दुसरे कारण रेषेच्या स्वभावातले आहे. छायाचित्रात गालावर पडलेली सावली मऊ असते, डोळा तिच्यावरून सरकून जातो. तीच सावली रेषेने गिरविली की सुरकुती होते. नाकाच्या बाजूची पुसट घडी ठळक होते, ओठाची कड कापल्यासारखी दिसते. शिवाय प्रत्येक चित्र हाताने गिरविलेले असल्याने रेषा एका चित्रातून दुसऱ्यात जाताना किंचित थरथरते. उभा असलेला माणूसही आतून उकळत असल्यासारखा भासतो. जिवंत माणूस सुसह्य, शुद्ध रेखाचित्रही सुसह्य, पण या दोहोंच्या मधला प्रकार अंगावर काटा आणतो. १९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी यंत्रशास्त्रज्ञाने माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवांविषयी लिहिताना हीच जागा दाखविली होती : साम्य वाढते तशी आपुलकी वाढते, परंतु साम्य जवळजवळ पुरे होत असताना ती एकदम दरीत कोसळते. प्रेक्षकांनी २०१३ साली या दरीत डोकावून पाहिले.

आपल्या काव्यशास्त्रात या प्रश्नाची एक फार सुंदर मांडणी आहे. रसास्वादात येणारी विघ्ने सांगताना अभिनवगुप्त म्हणतो की, रंगमंचावर उभा आहे तो अमुक नट, या स्थळी, या वेळी, असे प्रेक्षकास वाटत राहिले तर साधारणीकरण होत नाही. म्हणूनच नटाचे नटपण मुकुट-शिरोवेष्टनादिकांनी झाकावयाचे. जपानी चित्रकथेतला रूढ चेहरा हे असेच शिरोवेष्टन आहे. तो कोणाचाच नसतो, म्हणून सर्वांचा होऊ शकतो. नागाहामा यांनी हे वेष्टन काढून घेतले. पडद्यावरील साएकी ही 'एक मुलगी' उरली नाही. हे नाक असलेली, असे चालणारी, विशिष्ट मुलगी झाली. प्रेक्षकाची तक्रार या दृष्टीने पाहिली तर अडाणीपणाची ठरत नाही. त्याच्या आस्वादात खरोखरच विघ्न आले होते.

पण येथेच प्रश्नास दुसरी बाजू फुटते. ही कथा आहे कशाची ? एका मुलाने एका मुलीवर चढविलेला देवतेचा मुखवटा गळून पडतो, आणि खाली घाम येणारे, कपडे मळविणारे, स्वतःची इच्छा असलेले माणूस निघते, तेव्हा त्या मुलाचे काय होते, याची. ताकाओला साएकी हवी होती ती मुखवट्यासह. ज्या प्रेक्षकाने साएकीचा खरा चेहरा पाहून आपली फसवणूक झाल्याचे म्हटले, तो नकळत ताकाओच्या शेजारी जाऊन बसला. मूळ चित्रकथेत ही अडचण वाचकास भोगावी लागत नाही, कारण तेथे साएकी अखेरपर्यंत सुंदर रेखाटलेली आहे. नायकाचा भ्रम फुटतो, वाचकाचा शाबूत राहतो. मालिकेने वाचकाची ही सवलत काढून घेतली. प्रस्तुत लेखकास हे रूपांतर म्हणूनच मूळ शब्दास सोडून गेलेले, पण मूळ अर्थाच्या अधिक जवळ पोचलेले वाटते.

म्हणून सगळेच आक्षेप पोकळ होते असे मात्र नाही. दूरच्या माणसांचे कोरे चेहरे कित्येकदा गावाची परकेपणाची भावना नेमकी पोचवितात. परंतु कित्येकदा ते केवळ वेळ वाचविण्यासाठी सोडून दिल्यासारखे दिसतात. रेखाटनाची प्रत भागागणिक, कधी दृश्यागणिक बदलते. वर्गातील साध्या बोलाचालीत ही पद्धत काही मिळवून देत नाही, नुसती जड होते. असे शैथिल्य असता प्रेक्षकाने ते कलात्मक हेतूच्या खात्यावर जमा करावे, ही अपेक्षा जास्तीची आहे.

सरळ चित्रपटच का काढला नाही, या प्रश्नाचे उत्तर पुढे काळानेच दिले. २०१९ मध्ये नोबोरू इगुची यांनी याच कथेवर नटनटींचा चित्रपट काढला. त्यात साएकीला नाक आहे म्हणून कोणी हळहळले नाही. चित्रपटात माणसाचे तोंड असणे हा नियमच आहे, तेव्हा त्याने काहीच सांगितले जात नाही. जेथे मुखवट्याची अपेक्षा आहे तेथेच चेहरा बोलतो.

जे प्रेक्षक टिकून राहिले, त्यांच्या बोलण्यात सातव्या आणि आठव्या भागांचा उल्लेख हटकून येतो. सातव्या भागात ताकाओ आणि नाकामुरा रात्री वर्गात शिरून सारे उधळून टाकतात, भिंतींवर-जमिनीवर रंग फासतात. आठवा भाग उघडतो तो त्यानंतरच्या पहाटेत. दोघे हातात हात घालून घरी चालले आहेत. कोणी बोलत नाही. कित्येक मिनिटे फक्त चालणे : खांद्यांचा भार, ओढली जाणारी पावले, मधूनच मंदावणारी गती. सेकंदाला आठ चित्रांच्या रीतीत हे चालणे अशक्य होते. तेथे ते दोन क्षणांत उरकले गेले असते. येथे प्रथमच लक्षात येते की चेहरा ज्या भावाचे वहन करीत असे तो आता सर्वांगात वाटला गेला आहे. भरताने आंगिक अभिनयाला वेगळे स्थान दिले ते उगीच नव्हे.

याला पूरक असा एक पुरावा सहा-सात वर्षांनी मिळाला. केंजी इवाइसावा यांनी हिरोयुकी ओहाशी यांच्या चित्रकथेवरून 'ओन्-गाकु' हा चित्रपट रोटोस्कोपनेच केला. कधी वाद्यास हात न लावलेली तीन उनाड मुले वाद्यवृंद काढतात, एवढीच गोष्ट. थोड्या माणसांनी सुमारे सात वर्षे खपून चाळीस हजारांवर चित्रे हाताने काढली. अखेरच्या गायनमेळ्यासाठी प्रत्यक्ष मेळाच भरवून त्याचे चित्रण केले. २०१९ मध्ये ओटावाच्या महोत्सवात त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि प्रेक्षकांनीही तो प्रेमाने उचलून धरला. पद्धत तीच, मग स्वागतात एवढे अंतर का ? चित्रपटातील मुलांकडे पाहावे : हालचाल जिवंत माणसाची, चेहरा मात्र ओहाशींचा, दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. हिमगौरीत जे झाले होते तेच येथे झाले. शिरोवेष्टन जागेवर होते. तेव्हा २०१३ चा रोष रोटोस्कोपवर होता असे म्हणणे चुकीचे ठरते. तो चेहरा काढून घेतल्याचा रोष होता. यात विनोदी कथेचा वाटाही आहे, हे कबूल केले पाहिजे. हसणाऱ्या प्रेक्षकास देवता लागत नाही.

'आकु नो हाना'चा पुढील भाग निघाला नाही. तेरा भागांत मूळ कथेचा साधारण तिसरा हिस्सा संपतो आणि मालिका मध्येच थांबते. चित्रकथा मात्र २०१४ पर्यंत चालू राहिली. तिच्या शेवटच्या प्रकरणात ओशिमी पुन्हा आरंभाशी येतात आणि तेच दिवस नाकामुराच्या डोळ्यांनी दाखवितात. तिला दिसणारी माणसे त्यांनी तेथे रूढ पद्धतीने काढलेली नाहीत. शिक्षक, वर्गसोबती, रस्त्यावरची माणसे, सर्वांचे चेहरे विद्रूप आणि गिचमिड रेघोट्यांत बुडालेले आहेत.