दाराला लावलेलं वजन

आमच्या घराची पुढची-मागची दारं समोरासमोर आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटला की पुढचं दार धाडकन आपटतं. जवळजवळ दीड वर्ष ते दार एका काळ्या लोखंडी गोळ्यानं अडवून धरलं होतं. गोळा बारा किलोचा, वर जाड कडी. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो, त्यानं तो आणला होता. म्हणाला, "मामू, याला केटलबेल म्हणतात. तुमची शुगर निघाली आहे ना? रोज थोडा वेळ करत जा." मी "बरं" म्हटलं आणि गोळा दाराला लावला. कवी माणसाला वस्तूचा भलताच उपयोग लवकर सुचतो.

पुढे एकदा तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.४ आला. डॉक्टरांनी विचारलं, "चालता का?" मी म्हटलं, "रोज. देवपूरच्या पुलापर्यंत जाऊन येतो." ते म्हणाले, "चालणं सोडू नका. पण तुमचे दंड आणि मांड्या पाहिल्यात का? वजन उचलायला हवं." मग त्यांनी जे समजावलं, ते मी माझ्या बाजारी भाषेत सांगतो. रक्तातली साखर उचलणारं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायू कामाला लागले की ते साखर ओढून घेतात. पण वयाबरोबर, आणि बसून राहिल्यानं, स्नायू झिजत जातात. गिऱ्हाईकच कमी झालं तर माल बाजारात पडून राहणारच.

घरी आलो तो उत्साहातच. दारातला गोळा वाकून, एका हातानं, झटक्यात उचलला. पाठीत अशी उसण भरली की चार दिवस पलंगावर काढले. गोळा परत दाराला गेला.

आता थोडं मागे जातो, कारण त्या चार दिवसांत मला सारखे अब्बा आठवत होते. अब्बा धुळ्याच्या मार्केट यार्डात मापाडी होते. दादर, बाजरी, भुईमूग, जो हंगाम असेल तो माल त्यांच्या काट्यावर चढायचा. वीस वीस किलोची लोखंडी वजनं ते दिवसभर चढवत-उतरवत. हमाल कमी पडले तर पोत्यालाही हात लावत. वजनाच्या तळाशी शिशाचा एक ठिपका असे आणि त्यावर वजनमाप खात्याचा शिक्का. लहानपणी मला तो शिक्का बोटानं चाचपायला आवडायचं. पण वजन उचलायला गेलो की अब्बा ओरडायचे, "ठेव खाली! तुला काय हमाली करायची आहे?" मी शिकावं, बी.ए. व्हावं, खुर्चीवर बसून काम करावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्यांचं ऐकलं. चाळीस वर्षं पेनापेक्षा जड काही उचललं नाही. आमच्यासारख्या घरांत ओझं उचलणं ही गरिबीची खूण होती. ती पुसली, तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय पुसलं गेलं ते कळलं नाही.

अब्बांबरोबर काम केलेले एक जुने हमाल आमच्या गल्लीजवळच राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण जमिनीवरून हात न टेकता उठतात. माझी उसण ऐकून भेटायला आले. गोळा कसा उचलला ते मी बसल्या जागी हातवारे करून दाखवलं, तर हसले. म्हणाले, "भाऊ, हाई कंबरनं काम नही. हाई मांड्यास्नं काम शे." मग त्यांनी मला पोतं उचलण्याची पहिली पायरी शिकवली, तीही पोत्याशिवाय.

हीच गोष्ट केटलबेल शिकवणारा कुठलाही जाणकार सगळ्यांत आधी सांगतो. म्हणून घाई न करता सांगतो. वाकायचं ते पाठीतून नाही, खुब्यातून. खुबा म्हणजे मांडी जिथं धडाला जोडली जाते तो सांधा. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल. आता पाठ सरळ ठेवून बूड मागे न्या, इतकं की ते भिंतीला टेकेल. धड आपोआप पुढे झुकतं. जमलं की भिंतीपासून आणखी चार बोटं पुढे सरका आणि पुन्हा करा. पाठ सरळ आहे की नाही ते कळण्यासाठी काठी पाठीवर उभी धरा. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. एक जागा सुटली की पाठ वाकली म्हणून समजा.

मी हे करत होतो आणि मला रुकू आठवला. नमाजात आपण हात गुडघ्यांवर ठेवून वाकतो, तेव्हा पाठ सपाट असावी असं लहानपणी उस्तादांनी शिकवलं होतं. इतक्या वर्षांत माझा रुकू कधी कुबडा झाला ते मलाच समजलं नव्हतं. आठ दिवस मी गोळ्याला हात लावला नाही. फक्त भिंत, काठी आणि पाठ.

या रिकाम्या दिवसांत त्या गोळ्याची कुळकथा वाचली. नावात किटली आणि घंटा असली तरी ही वस्तू रशियाची. तिथं तिला गिर्या म्हणतात. धान्याच्या बाजारात तोलायला वापरायची ती वजनं. हमाल आणि दुकानदार फावल्या वेळात ती उचलून ताकद अजमावत, त्यातून खेळ झाला. १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला डॉ. व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी वजन उचलणाऱ्यांची मंडळी जमवली आणि व्यायामाला शिस्त लावली. अमेरिकेत तिची लाट आली ती विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आणि एकविसाव्याच्या सुरुवातीला, मिन्स्कहून तिकडे गेलेल्या पावेल त्सात्सुलिन या शिक्षकामुळे. तिथून ती फिरत फिरत पुण्याला आणि भाच्याच्या पिशवीतून धुळ्याला आली.

वाचताना एका जागी थबकलो. रशियात या वजनाचं माप पूद. एक पूद म्हणजे १६.३८ किलो, म्हणूनच आजही केटलबेल सोळा, चोवीस, बत्तीस अशा वजनांत मिळतात. आणि पूद म्हणजे किती? तिथले चाळीस फुंट. आपला मण किती? चाळीस शेर. १९५६च्या कायद्यानं मण-शेर जाऊन किलो आले, पण अब्बा शेवटपर्यंत हिशेब मनात मणानं करायचे. मी ज्याला परदेशी फॅशन समजून दाराला लावलं होतं, ते बाजारातलं वजन निघालं. अब्बांच्या काट्यावरच्या वजनाचा चुलतभाऊच.

आपल्याकडे असा व्यायाम नव्हता असंही नाही. तालमीत करेल होती, मुद्गलाची जोडी होती, दगडी नाल होती. नाल म्हणजे मध्ये मूठ कोरलेला दगड. पाहिलीत तर केटलबेलचीच आठवण होईल. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. घरच्या घरी जोर-बैठका काढणाऱ्यापासून मल्लखांबापर्यंत सगळ्यांची त्यात सोय आहे. त्याच बडोद्यात प्रो. माणिकरावांनी आपल्या उस्तादांचं, जुम्मादादांचं नाव व्यायाममंदिराला कायम ठेवलं. ते नाव वाचलं की मला उगीच बरं वाटतं. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पहिलवानानं १९०२ साली उचललेला म्हणून एक दगड ठेवला आहे. वजन लिहिलं आहे १२०० किलो! गामाबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, मी मापाड्याचा मुलगा आहे, काट्यावर चढल्याशिवाय आकडा मानत नाही. भाच्यानं दिलेला बारा किलोचा गोळासुद्धा मी किराणा दुकानात नेऊन तोलला. ११ किलो ७०० भरला.

आता सुरुवात कशी करायची ते.

आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल तर न विचारता वजनाला हात लावू नका. साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी अगदी उपाशीपोटी करू नये आणि हाताशी गूळ किंवा साखर ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला की थांबून ती खावी.

वजन विकत घ्यायची घाई करू नका. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्यानं भरला की पाच किलो होतो. त्याला कडी असतेच. महिनाभर त्यावर चालवा. मात्र कॅन फक्त उचलायचा आणि ठेवायचा, झुलवायचा नाही. कडी तुटली तर शेजारच्याच्या खिडकीत जाईल. पुढे घ्यायचंच तर पन्नाशीच्या पुरुषानं आठ ते बारा किलो, बाईनं चार ते आठ किलो घ्यावं. तरणाबांड मुलगा सोळापासून सुरू करू शकतो. दुकानात कडी हातात धरून पाहा. तिच्यावर ओतकामाची धार राहिली असेल तर तळहात सोलून निघतो.

जागा म्हणाल तर एक चटई मावेल एवढी पुरते. चप्पल नको, अनवाणी उभे राहा. शहाबादी फरशी असेल तर खाली जुनं गोणपाट दुमडून टाका. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर. हात घामेजला तर पुसा. आणि गोळा निसटलाच तर त्याला पकडायला जाऊ नका, पाय मागे घेऊन खुशाल पडू द्या. फरशी नवी बसवता येते.

पहिली उचल. गोळा दोन्ही पायांच्या मधोमध, घोट्यांच्या रेषेत. बूड मागे, पाठ सरळ, दोन्ही हातांनी कडी धरा. पायांनी जमीन खाली दाबता आहात असं समजून उभे राहा. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून धरला की रक्तदाब चढतो. तसाच सावकाश खाली ठेवा. आठ वेळा, मग दोन मिनिटं बसा. असे तीन फेरे. दुसरी बैठक. गोळा छातीशी धरून, कडेवर पोर धरतो तसा अंगालगत, जमेल तेवढं खाली बसा आणि उठा. गुडघे कुरकुरले तर मागे खुर्ची ठेवा, तिला टेकून उठा. सुरुवातीचा महिना दीड महिना याशिवाय काही करायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एक दिवस सोडून. चालणं चालूच ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनातही हेच आहे: आठवड्याला दीडशे मिनिटं तरी चालण्यासारखा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा.

झोका, म्हणजे केटलबेलचं खरं वैशिष्ट्य, त्यानंतर. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं; इथं सगळं वजन मुठीखाली लोंबतं, म्हणून ते झुलतं. दोन्ही हातांनी धरून गोळा मांड्यांच्या मधून मागे जाऊ द्यायचा आणि खुब्याच्या एका धक्क्यानं ताठ उभं राहायचं. गोळा आपोआप छातीपर्यंत येतो. हातांनी तो वर ओढायचा नाही. हात म्हणजे नुसते दोर. वर आल्यावर मागे रेलायचंही नाही. माझा झोका बरेच दिवस चुकत होता, कारण मी तो खांद्यांनी उचलत होतो. एका सकाळी जुने हमाल दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, पोतं ट्रकवर फेकताना हात फक्त दिशा दाखवतात. तेव्हा कुठं जमलं. झोका मात्र कुणा जाणत्यासमोर एकदा तरी करून घ्यावा, मोबाईलवर पाहून नाही. आणि पाठीतून पायात कळ गेली, छातीत दडपण वाटलं, तर तिथंच थांबायचं.

मे महिन्यात धुळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा मी फजरनंतर लगेच आटोपतो. रमजानमध्ये इफ्तारनंतर तासाभरानं, तेही निम्मंच. आमच्या घरात मात्र मला एक स्पर्धक निर्माण झाला आहे. बेगमनं आयुष्यभर पाण्याचे हंडे उचलले, तिला पहिल्याच दिवशी बैठक माझ्यापेक्षा सरळ जमली. चाळिशी-पन्नाशीनंतर बायकांची हाडं विरळ होतात, त्यांना तर या वजनाची गरज जास्त. तिच्यासाठी सहा किलोचा गोळा आणला. तोही तोलून.

सहा महिन्यांनी साखरेचा आकडा ७.३ आला. गोळ्या, चालणं, कमी झालेला भात आणि हा गोळा, यांतलं किती श्रेय कुणाचं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अब्बा असते तर मला अंगणात वजन उचलताना पाहून काय म्हणाले असते, हा प्रश्न दर वेळी पडतो. मधे यार्डात जाऊन त्यांच्या काट्याचं एखादं वीस किलोचं वजन मिळतं का विचारलं. आता सगळे इलेक्ट्रॉनिक काटे. जुनी वजनं कधीच भंगारात गेली, असं सांगितलं. भंगारवाल्याकडे दोनदा चक्कर मारली आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. तोवर दाराला वीट लावली आहे.