तीन दिवसांचं पुरळ

१९४१ साल. सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकामागून एक तान्ही बाळं येत होती. बाहुलीच्या जागी पांढुरका ठिपका, उजेडाकडे न वळणारी नजर. म्हातारपणी व्हावा तो मोतीबिंदू जन्मतःच झालेला! बाळं अशक्त, अंगावर नीट न पिणारी. कितीतरी जणांच्या हृदयातही दोष. दवाखान्यात बसलेल्या आया आपापसांत बोलत होत्या. दिवस गेले तेव्हा सुरुवातीलाच अंगावर पुरळ आलं होतं, असं एकीनं सांगितलं. दुसरीचंही तेच. ते बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं, असं सांगतात. त्यांनी ७८ बाळांची माहिती जमवली. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेला होता.

हा आजार दिसायला अगदी साधा. बारीक ताप, कानामागे गाठी, तीनेक दिवसांत मावळणारं पुरळ. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. आई बरी होते, पण विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात. पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाला इजा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ बहिरेपण घेऊन जन्माला येतं. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत यातले कितीतरी दिवस निघून गेलेले असतात.

म्हणूनच बाळाची काळजी दिवस जाण्याच्या आधी सुरू व्हायला हवी. रुबेलाची लस १९६९ साली आली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा होता, तर महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळाशाळांतून टोचलं गेलं. ‘मुलग्यांना कशाला?’ असं तेव्हा काही पालक विचारत. कारण सरळ आहे: गरोदर बाईपर्यंत हा विषाणू बहुधा घरातलं किंवा शेजारचं मूलच आणतं, मग ते मुलगा असो वा मुलगी. आता बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा मिळतो. तो चुकवू नका.

ज्या मुली मोहिमेतून सुटल्या, त्यांनी लग्न ठरताना किंवा मूल हवं असं ठरवताना डॉक्टरांना विचारावं. ही लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. दिवस गेल्यावर मात्र नाव लवकर नोंदवा. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी यांच्या तपासण्या तेव्हाच होतात आणि वेळीच उपचार मिळाले तर बाळाला वाचवता येतं. लघवीतला जंतुसंसर्गही अंगावर काढू नका. त्यातून अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते.

आणि गरोदरपणात अंगावर पुरळ आलं, किंवा पुरळ आलेल्या मुलाला जवळ घेतलं असेल, तर ‘उष्णतेनं झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना आधी फोन करा, सगळं सांगा, मगच जा. तिथल्या बाकावर आणखी कुणी गरोदर बाई आपला नंबर यायची वाट पाहत बसलेली असते.